उशिरा आलेला निकाल

मडगावातील आमचे एक वयोवृद्ध स्नेही, मराठी आणि कोंकणी या दोन्ही भाषांचे साक्षेपी वाचक, गेली कित्येक वर्षे रॅप या प्रकारास ‘तालावर दिलेल्या शिव्या’ असे म्हणत आले. परवा त्यांनी आम्हांस एकाएकी सांगितले की, नास या रॅपगायकाची ‘इलमॅटिक’ ही पहिली तबकडी मात्र थोर असली पाहिजे. कारण? तर अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने तिची आपल्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय नोंदवहीत निवड केली आहे, आणि हार्वर्ड विद्यापीठात 2013 पासून त्याच्या नावाची अभ्यासवृत्ती आहे. आपण ती तबकडी ऐकली आहे काय, असे आम्ही विचारले. त्याची गरज त्यांस भासली नव्हती.

आमचे भांडण त्यांच्या जुन्या नकाराशी नाही. नकार ऐकून दिला असेल, तर तो आम्ही सहन करू. आमचे भांडण या नव्या होकाराशी आहे.

नासिर जोन्स हा न्यूयॉर्कमधील क्वीन्सब्रिज या सरकारी वसाहतीत वाढला. तीन हजारांहून अधिक बिऱ्हाडांची ती वसाहत. आठवीनंतर त्याने शाळा सोडली. 1992 साली त्याचा जिवलग मित्र गोळीबारात मारला गेला. आणि 19 एप्रिल 1994 रोजी ‘इलमॅटिक’ प्रसिद्ध झाली तेव्हा तो अवघा वीस वर्षांचा होता. दहा भाग, सुमारे चाळीस मिनिटे. एका गीताच्या शेवटी त्याचे वडील ओलू दारा यांचे कॉर्नेट वाजते. मुलाने आपल्या वस्तीचे बोलावे आणि जॅझवादक बापाने त्यास आपल्या वाद्याने साथ द्यावी, ही गोष्ट आम्हांस कोणत्याही पारितोषिकाहून मोलाची वाटते.

आता निकालांचा इतिहास पाहा. रॅपलाच वाहिलेल्या ‘द सोर्स’ या नियतकालिकात एका तरुण लेखिकेने 1994 मध्येच तिला पाचपैकी पाच गुण दिले. ‘रोलिंग स्टोन’नेही त्या वेळी तिची स्तुती केली होती, हे येथे नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल. परंतु त्याच ‘रोलिंग स्टोन’ने 2003 साली पाचशे श्रेष्ठ तबकड्यांची यादी केली, तेव्हा ‘इलमॅटिक’ चारशेव्या स्थानाच्या आसपास कोठेतरी पडली होती. 2020 मध्ये नव्या मतदारांकडून नवी यादी करविली. तीत ती चव्वेचाळिसावी आली. मधल्या सतरा वर्षांत तबकडीतील एक अक्षरही बदललेले नाही. वकिली करणाऱ्या माणसास यातून एकच अर्थ काढता येतो: पुरावा तोच राहिला, पंच बदलले. मग पहिल्या पंचांनी पुरावा तपासला होता काय, हे कोणी विचारावयाचे? वरिष्ठ न्यायालय खालचा निकाल फिरविते तेव्हा तो का चुकला हे लिहिणे त्यास भाग असते. समीक्षेच्या दरबारात मात्र मागील चूक न उच्चारता नुसती आरती ओवाळली जाते.

रॅप हे काव्य नव्हे, असे म्हणणाऱ्यांनी मोरोपंतांच्या आर्यांतील यमकांचे कौतुक करू नये. नासची यमके ओळीच्या टोकाशी थांबत नाहीत. ती ओळीच्या पोटात, दोन-दोन तीन-तीन अक्षरांची साखळी धरून येतात, आणि तरीही बोलणाऱ्याचा श्वास कृत्रिम वाटत नाही. ‘वन लव्ह’ हे गीत म्हणजे तुरुंगातील मित्रांस लिहिलेली पत्रे होत. कैद्यांस येणारी पत्रे आम्ही व्यवसायानिमित्त बरीच वाचली आहेत. त्यांत उपदेश क्वचितच असतो. कोण कोठे दिसला, घरचे कसे आहेत, कोणाचे कोणाशी बिनसले, असा मजकूर असतो. वीस वर्षांच्या पोराने तोच स्वर पकडला आणि शेवटी बारा वर्षांच्या एका मुलाशी संवाद आणून त्या साऱ्या पत्रांवर भीतीची सावली टाकली. हे ज्याच्या कानी पडले, त्यास हार्वर्डच्या शिफारशीची वाट का पाहावी लागावी?

दुसरा आक्षेप चोरीचा. जुन्या तबकड्यांचे तुकडे घेऊन रॅपचे संगीत रचितात, हे खरे. 1991 साली न्यूयॉर्कच्या एका न्यायाधीशाने अशाच खटल्यातील निकालाचा आरंभ चोरी न करण्याच्या बायबलातील आज्ञेने केला होता. तुकडा परवानगीने घेतला की विनापरवानगी, हा कायद्याचा प्रश्न झाला. त्याचे पुढे काय केले, हा कलेचा. दोहोंची गल्लत आमच्या व्यवसायातील लोक करतात, तेव्हा आम्हांस विशेष वाईट वाटते.

हे सारे परमुलुखातील प्रकरण आम्ही येथे का मांडतो? गोव्यात काय, बेळगावात काय, बडोद्यात काय, आपल्यातील एखाद्याचे पहिले पुस्तक निघाले की आपण पुण्या-मुंबईकडे पाहतो. तिकडून अभिप्राय येईपर्यंत आपल्या कानास काही ऐकू येत नाही. अभिप्राय आला की ‘आम्ही म्हणतच होतो’ असा घोष सुरू होतो. याउलट 1972 साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा पहिला संग्रह निघाला, तेव्हा त्याच्या प्रस्तावनेत विजय तेंडुलकरांनी त्यातील कित्येक शब्द आपणांस कळले नाहीत, असे मोकळेपणी लिहिले. ज्या वस्तीची भाषा आपणांस येत नाही तिच्या दाराशी टीकाकाराने असेच उभे राहावे. बाहेरच्याने न्याय करू नये, असे आमचे म्हणणे नाही. त्याने आधी ऐकावे आणि न कळलेले न लपविता सांगावे, एवढेच म्हणणे आहे.

आमच्या स्नेह्यांकडे आम्ही त्यांची चाळीस मिनिटे मागितली. तबकडी आम्ही आणू, शब्दही छापून आणू, असेही सांगितले. या रविवारी त्यांच्याकडे पाहुणे आहेत. पुढच्या रविवारी बघू, असे ते म्हणाले.