ठशामागचे नाव

आपल्या व्यवसायाच्या पिढ्या मोजताना आपण १९६९पासून सुरुवात करतो. त्या वर्षी पवईच्या आयआयटीत औद्योगिक डिझाइन केंद्र सुरू झाले. जे. जे. आणि जर्मनीतल्या उल्म इथे शिकून आलेल्या प्रा. सुधाकर नाडकर्णींनी ते घडवले आणि पुढे मराठी घरांतली मुले ‘डिझायनर’ म्हणून पोट भरू लागली. त्याच वर्षी तारापूरच्या अणुवीज केंद्राची व्यापारी वीजनिर्मिती सुरू झाली. या केंद्राच्या शेजारी चिंचणीत आणि आसपासच्या गावांत दागिन्यांचे साचे कोरणारे डायमेकर घरोघरी काम करतात. आपल्या मोजणीत ते कधी आलेच नाहीत.

त्यांचे काम जवळून पाहा. पोलादाच्या ठोकळ्यात नक्षी उलटी कोरायची. दागिन्यात जिथे उंचवटा, तिथे साच्यात खळगा. खोली जास्त झाली तर सोन्याचा पत्रा फाटतो, कडेला उतार नसला तर तो साच्यात अडकतो. कोरून झाल्यावर पोलादाला पाणी द्यायचे, म्हणजे ठोके खाऊनही रेघ टिकते. धातूचा स्वभाव, सोन्याचे वजन आणि गिऱ्हाइकाची हौस यांचा मेळ बोटभर जागेत घालायचा. वर्गात आपण औद्योगिक डिझाइन शिकवतो ते हेच.

आता धाकटी पिढी संगणकावर नक्षी काढते आणि सीएनसी यंत्र ती कोरते. याचे स्वागतच आहे. पण कुठल्या नक्षीला किती उतार लागतो, हे छिन्नी धरलेल्या हातांना कळते. ते हात कामात आहेत तोवर त्यांचे ज्ञान मापांत उतरवून घ्यायला हवे. डिझाइन शाळांनी आपले विद्यार्थी चिंचणीत उमेदवारीला पाठवावेत.

दुसरा प्रश्न हक्काचा. डिझाइन कायदा, २०००नुसार नोंदवलेल्या नव्या नक्षीला १० वर्षे आणि मुदतवाढ घेतल्यास आणखी ५ वर्षे संरक्षण मिळते. नमुना आधी जाहीर झालेला मात्र नसावा. मोबदला घेऊन दुसऱ्यासाठी केलेल्या नक्षीची मालकी काम देणाऱ्याकडे जाते. म्हणून डायमेकरने स्वतःच्या कल्पनेची नक्षी बाजारात नेण्याआधीच अर्ज करायला हवा.

हा अर्ज कसा करायचा, हे आपल्याला ठाऊक आहे. या महिन्यात प्रत्येकाने एका डायमेकरसोबत बसून त्याचा अर्ज भरून द्यावा आणि मालकाच्या रकान्यात त्याचे नाव लिहावे.