झाकण नसलेली पेटी

गेल्या महिन्यात आईने माळ्यावरून आजोबांची पत्र्याची ट्रंक काढून दिली. "खेळणी ठेव हिच्यात, घरभर पसारा नको." मलाही कल्पना आवडली. झाकणावर रंगवलेलं आजोबांचं नाव, आत डांबरगोळ्यांचा वास... दोनच दिवसांनी चिरंजीव तळाशी गेलेली गाडी काढायला कमरेपर्यंत आत वाकले आणि झाकण धाडकन खाली आलं. माझा हात मधे होता म्हणून त्याची मान वाचली. माझी दोन बोटं मात्र चांगलीच सुजली.

तेव्हापासून माझं ठाम मत आहे, खेळण्यांच्या पेटीला झाकण नकोच. डोक्यावर पडतं ते एक, आणि लपाछपीत पोर आत बसलं नि बाहेरून कडी अडकली तर गुदमरायची भीती. "आमच्या वेळी नव्हत्या का ट्रंका?" होत्या ना, पण तेव्हा खेळणी एका पिशवीत मावायची!

मग खणांचं उंच कपाट? भिंतीला पक्कं ठोकल्याशिवाय तेही नको. मुलं खण उघडून त्यांच्या पायऱ्या करतात. अमेरिकेत अशी कपाटं अंगावर पडून मुलं दगावली, तेव्हा २०१६ साली आयकियाला तिथली सुमारे २.९ कोटी कपाटं परत मागवावी लागली.

आता आमच्याकडे कपडे भिजवायचे दोन उघडे टब आहेत. एकात ठोकळे, दुसऱ्यात बाकी सगळं. तो स्वतः काढतो आणि (क्वचित) स्वतः ठेवतोही. मणी, बटन सेल वगैरे बारीकसारीक तेवढं वर, कुलपात. दिसायला टब काही खास नाहीत, मान्य.

आणि आई, ट्रंक टाकलेली नाही गं. तिच्यात तुझ्या गोधड्या ठेवल्यात.