‘थंडी वाजणारच’ असं कुणी ठरवलं?

कसालात मे महिन्याच्या दुपारी पंखा बंद पडला की माणूस घामाने निथळतो. त्याच दिवसांत इथून ओरोसला, कुडाळला, कणकवलीला किंवा गुंतागुंत असली तर थेट बांबोळीला नेलेली बाई सिझेरियन होऊन बाहेर येते, तेव्हा ती कुडकुडत असते. दात वाजतात, खांदे थडथडतात, स्ट्रेचरचा दांडा खडखडतो. बाहेर थांबलेली माणसं घाबरतात. कुणाला हिवताप आठवतो, कुणी मनातल्या मनात देवाला गाऱ्हाणं घालतं. आणि आतून येणारं कुणीतरी चालता चालता सांगतं, “ता होताच.”

माझं भांडण या दोन शब्दांशी आहे.

‘होतंच’ हे आकड्यांपुरतं खरं आहे. अनेक अभ्यास एकत्र पाहिले तर पाठीत इंजेक्शन देऊन केलेल्या भुलेनंतर साधारण निम्म्या रुग्णांना हुडहुडी भरते. पण नेहमी होणारी गोष्ट सोसायचीच असते, हा नियम कुठला? ऑपरेशननंतर दुखतंही नेहमीच. म्हणून वेदनाशामक देणं आपण थांबवलेलं नाही.

आधी हे होतं कसं ते बघा. भुलेमुळे कमरेखालच्या रक्तवाहिन्या सैल होतात आणि शरीराच्या गाभ्यातली ऊब पायांकडे वाहून जाते. त्यात एसी, उघडं पोट आणि शिरेतून जाणारं गार सलाईन. मेंदूतली तापमान सांभाळणारी यंत्रणाही भुलेमुळे गडबडलेली असते. मग शरीर स्नायू थरथरवून ऊब तयार करायला लागतं. कमरेखालचे स्नायू तेव्हा बधिर असतात, म्हणून सगळा भार वरच्या अंगावर येतो. पाय निपचित पडलेले आणि जबडा मात्र थाडथाड उडतोय, असं विचित्र दृश्य दिसतं ते यामुळे. ‘घाबरली असेल’ म्हणणाऱ्यांनी हे वाचावं. बाईच्या धीराचा इथे प्रश्नच नाही.

नुकसान काय? जोरदार कुडकुडताना शरीराची ऑक्सिजनची गरज दुप्पट-तिप्पट होऊ शकते. धडधाकट तरुणीला ते झेपतं; खुबा मोडून ऑपरेशन झालेल्या, हृदय कमजोर असलेल्या आजोबांना झेपेलच असं नाही. बोटाला लावलेला ऑक्सिजनचा चिमटा आणि बीपीचं यंत्र चुकीचे आकडे दाखवतात, म्हणजे नजर सर्वांत जास्त हवी तेव्हाच ती धूसर होते. ताज्या टाक्यांवर ताण येतो. आणि नऊ महिने वाट पाहिलेलं बाळ आईला हातात धरता येत नाही. शेवटचं नुकसान कुठल्याच केसपेपरवर लिहिलं जात नाही.

उपाय आहेत, आणि ते जुने आहेत. पेथिडीनचा छोटा डोस थरथर झटपट थांबवतो. ट्रॅमाडॉल, क्लोनिडीन, डेक्समेडेटोमिडीन हीही वापरातली औषधं. मळमळीसाठी दिलं जाणारं ओंडान्सेट्रॉन काही अभ्यासांत थरथरही कमी करताना दिसलं आहे, सगळ्यांत नाही.

आता दोन पळवाटा.

पहिली कायद्याची. पेथिडीन १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतं. २०१४च्या दुरुस्तीनंतर ज्या सहा औषधांसाठी परवान्याची वाट सोपी झाली, त्यांत मॉर्फिन आणि फेंटॅनिल आहेत, पेथिडीन नाही. २०१८ मध्ये ट्रॅमाडॉलही या कायद्याच्या कक्षेत आलं. छोट्या दवाखान्याला ही कागदपत्रं जड जातात, हे मान्य. पण डेक्समेडेटोमिडीनला हा कायदा लागू नाही. आणि गरम केलेल्या सलाईनला कुठला परवाना लागतो?

दुसरी पळवाट उलट दिशेची: सगळ्यांनाच आधी एक इंजेक्शन टोचून मोकळं व्हायचं. हेही मला मान्य नाही. पेथिडीन आणि ट्रॅमाडॉलने मळमळ होते, पेथिडीनने श्वास मंदावू शकतो. डेक्समेडेटोमिडीनने नाडी आणि बीपी उतरतात, गुंगी येते. सिझेरियनमध्ये बाळ बाहेर येईपर्यंत अशी औषधं शक्यतो टाळावी लागतात. थंड थिएटरात उघडं ठेवायचं आणि मग औषधाने थरथर दाबायची, हा तर आळशीपणा झाला. थरथर थांबली तरी अंग गारच राहतं.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी ऊब, मग औषध, आणि ज्याला धोका जास्त त्याला औषध आधीपासून हाताशी. इंग्लंडच्या ‘नाइस’ या संस्थेने २००८ मध्येच सांगितलं की घाई नसेल तर रुग्णाचं तापमान ३६ अंशांच्या खाली असताना भूल सुरूच करू नये, आणि अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त सलाईन द्यायचं तर ते ३७ अंशांपर्यंत गरम करून द्यावं. गंमत बघा, गरोदर बायका या नियमांच्या कक्षेतच नव्हत्या. तिकडेही आईचा नंबर नंतरच.

आपल्याकडे अडचण आणखी एक आहे. सर्जनला आपण चार वेळा भेटतो, भूलतज्ज्ञाला ओळखतही नाही. छोट्या दवाखान्यांत तो बोलावल्यावर येतो आणि केस संपली की पुढच्या दवाखान्याकडे निघतो. थरथर वाढते तेव्हा तो कदाचित हायवेवर असतो आणि वॉर्डात फक्त नर्स आणि एक पातळ चादर उरते. नर्सला दोष देऊ नका. जाण्याआधी ‘थंडी वाजली तर हे, एवढं द्या’ असं लेखी सांगितलं गेलं का, ते विचारा.

विचारायचं ते भूल देण्याआधी, आणि थेट भूलतज्ज्ञाला. सलाईन गरम करता का? गरम हवेचं पांघरूण आहे का? थंडी वाजली तर कोणतं औषध द्याल, आणि तुम्ही नसाल तेव्हा ते कोण देईल? हे विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही. चांगल्या भूलतज्ज्ञाला असे प्रश्न आवडतात, कारण एरवी त्याला कुणी काही विचारतच नाही.

हे विचारणार कोण? कुडकुडणारी बाई विचारू शकत नाही, तिचा जबडा तिच्या ताब्यात नसतो. म्हाताऱ्या सासूला शब्द सुचणार नाहीत. विचारायचं तुम्ही, ज्यांच्या हातात फोन आहे आणि जे बाळाचा पहिला फोटो स्टेटसला टाकायला दारात उभे आहात. फोटो काढाच. पण त्याआधी आईचे हात बघा. ते थरथरत असतील आणि कुणी ‘होतंच’ म्हणालं, तर ऐकून गप्प बसू नका.