ओंजळीतला कडाह प्रसाद आणि आपली पंगत



गेल्या लग्नसराईत आमच्या धर्मग्रामातली वीस-बावीस माणसे एका लग्नासाठी बेळगावहून बिदरला गेली होती. लग्न लागले, जेवणे झाली. परतीच्या गाडीला अवकाश होता, म्हणून आम्ही सगळे गुरुद्वारा नानक झिरा साहिब पाहायला गेलो. दुष्काळात गुरू नानकांनी तिथे गोड पाण्याचा झरा मोकळा केला, अशी शीख बांधवांची श्रद्धा आहे. डोक्यावर रुमाल बांधून, पाय धुऊन आत गेलो. बाहेर पडताना एका वृद्ध सेवादाराने प्रत्येकाच्या ओंजळीत शिऱ्यासारखा गरम, तुपाळ घास ठेवला, आणि तिथेच आमची फाटाफूट झाली.

काहींनी खाल्ला. एका मावशींनी रुमालात बांधला आणि गाडी सुटल्यावर खिडकीतून टाकून दिला. आमच्या गायनवृंदातले एक काका मधुमेहाचे रुग्ण. ते हात मागे घेऊन उभे राहिले. दोन पोरे मात्र अजून मिळेल का म्हणून पुन्हा रांगेत लागली.

पुढच्या रविवारी मिस्सा संपल्यावर आम्हाला तिघांनी गाठले. एकाने विचारले, “सर, खाल्लं ते पापनिवेदनात सांगावं लागेल का?” दुसऱ्याचे म्हणणे, तो मूर्तीचा नैवेद्य नव्हता, मग अडचण काय? तिसऱ्याने मोबाइलवरचा संदेश दाखवला, की असला प्रसाद म्हणजे तूप-साखरेचे विष आहे. हा संदेश पाठवणारे गृहस्थ बेळगावचा कुंदा पाव किलोच्या खाली घेत नाहीत, हे आम्हाला ठाऊक आहे. असो.

आधी श्रद्धेचा प्रश्न घेऊ. कडाह प्रसाद हे नाव ज्या मोठ्या लोखंडी कढईत तो होतो तिच्यावरून आले. गव्हाचे पीठ, तूप आणि साखर, तिन्ही समभाग, आणि पाणी. करणारा स्नान करून, गुरुबाणी म्हणत तो शिजवतो. मग तो गुरू ग्रंथ साहिबांसमोर ठेवतात, अरदास म्हणजे सामुदायिक प्रार्थना होते, आणि कृपाणीने त्याला स्पर्श करतात. वाटण्याआधी पंज प्याऱ्यांच्या आठवणीने पाच वाटे वेगळे काढतात. 1699 साली आनंदपूर येथे ज्या पाच जणांनी गुरू गोविंदसिंहांच्या हाकेला ओ दिली, त्यांतले भाई साहिब सिंग बिदरचेच, असे परंपरा सांगते.

इथे कुठेही मूर्तीला अन्न भरवलेले नाही. शीख धर्मात मूर्तिपूजाच नाही. देव एक, निराकार. देवाने ते अन्न खाल्ले आणि उरलेले आपल्याला दिले, अशी त्यांची समजूत नाही. जे दिले ते त्याच्या कृपेचे आहे आणि सर्वांचे आहे, एवढाच प्रसादाचा अर्थ. म्हणून करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा आठवा अध्याय काढून जे आम्हाला दटावतात, त्यांनी तो अध्याय शेवटपर्यंत वाचावा. पौलाची चिंता भांड्यातल्या अन्नाची नाही. आपल्या खाण्याने दुबळ्या विवेकाचा भाऊ अडखळतो का, ही आहे. दहाव्या अध्यायातही तो तिथेच येतो. तेव्हा ज्याच्या मनाला पटत नाही त्याने खाऊ नये. हात जोडून, हसून नाही म्हणावे. सेवादार रागवत नाही. पण दोन्ही हातांनी घेऊन खिडकीतून फेकणे, हे आमच्या मते नाही म्हणण्यापेक्षा कितीतरी वाईट. त्या मावशींना आम्ही हे तोंडावर सांगितले आहे. त्या आठवडाभर बोलल्या नाहीत.

उलट बाजूने घोळ घालणारेही आहेत. एक तरुण म्हणाला, “म्हणजे सर, हा त्यांचा ख्रिस्तप्रसादच झाला.” नाही. ख्रिस्तप्रसादात आपण प्रभूचे शरीर स्वीकारतो. भाकरीचे केवळ रूप उरते. शीख बांधव कडाह प्रसादाबद्दल असे काही म्हणत नाहीत, आणि आपण ते त्यांच्या तोंडी घालू नये. तुलना करायचीच तर आपल्याकडे वेगळी जागा आहे. पूर्वेकडच्या ख्रिस्तसभांत मिस्सेनंतर आशीर्वादित भाकरीचे तुकडे वाटतात, ज्यांनी ख्रिस्तप्रसाद घेतला नाही त्यांनाही. आणि इतक्या लांब तरी कशाला जायचे? 13 जूनला आपण संत अंतोनीचे पाव वाटतो. रांगेत अर्धे लोक हिंदू असतात, काही मुसलमानही. त्यांतल्या कुणी तो पाव दारातच टाकला तर आपल्याला कसे वाटेल?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 1965 सालच्या दस्तऐवजात इतर धर्मांतले जे सत्य आणि पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही, अशा अर्थाचे वचन आहे. त्यात शीख धर्माचे नाव घेतलेले नाही, पण अलीकडे व्हॅटिकनचा आंतरधर्मीय संवाद विभाग गुरू नानक जयंतीला शीख बांधवांना शुभेच्छा पाठवतो. आपल्या मराठी माणसांना तर आणखी एक धागा आहे. संत नामदेवांची 61 पदे गुरू ग्रंथ साहिबात आहेत. ज्या ग्रंथासमोर तो प्रसाद ठेवला होता, त्यात आपल्या पंढरपूरच्या वाटेवरचा माणूस बसलेला आहे.

आता तब्येतीचे. कडाह प्रसाद पथ्याचा पदार्थ आहे, असे कुणी म्हणू नये. एक ग्रॅम तुपात 9 कॅलरी, साखर आणि पिठात साधारण 4. हिशेब केला तर लिंबाएवढ्या, म्हणजे 25 ग्रॅमच्या घासात नव्वदच्या आसपास कॅलरी येतात. निरोगी माणसाला एवढ्याने काही होत नाही. नाताळात आपण नेवऱ्या, दोदोल, कलकले खातो, त्यांचा हिशेब कुणी मांडत नाही. मधुमेह्याने मात्र जपावे, आणि त्यात संकोच नको. आमच्या काकांनी हात मागे घेतले तेव्हा त्या सेवादाराने काही न विचारता हरभऱ्याएवढा कण चिमटीत धरून पुढे केला. काकांनी तो घेतला. गाडीत ते गप्प होते.

आपल्याकडेही शरीराची अडचण समजून घेतलेली आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसते. ख्रिस्तप्रसादाआधीचा एक तासाचा उपवास वृद्धांना, आजाऱ्यांना आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना बंधनकारक नाही. ज्यांना गव्हातले ग्लुटेन सोसत नाही, त्यांच्यासाठी अगदी कमी ग्लुटेनची ओस्ती चालते. 2003 च्या पत्रात आणि पुन्हा 2017 साली रोमने हे स्पष्ट केले. ग्लुटेन पूर्ण काढून टाकलेली मात्र चालत नाही, कारण मग ती गव्हाची भाकरी राहत नाही. अशा माणसाला फक्त द्राक्षारसाच्या रूपात ख्रिस्तप्रसाद घेता येतो. तुमच्या घरात असा त्रास कुणाला असेल तर फादरांना सांगा. लाजून मागच्या बाकावर बसून राहू नका.

पण खरे सांगायचे तर बिदरहून परतताना आमच्या मनात कॅलरी नव्हत्या. प्रसादानंतर आम्ही लंगरात बसलो होतो. जमिनीवर लांब पट्ट्या, एका ओळीत सगळे. आमच्या शेजारी एक ट्रकचालक, त्याच्या पलीकडे भारी साडीतल्या एक बाई, मग एक म्हातारा भिकारी. डाळ, रोटी, भाजी, खीर. रोटी घेताना दोन्ही हात पुढे करायचे, हे आम्हाला त्या ट्रकचालकाने शिकवले. चौथ्या शतकातले यरुशलेमचे संत सिरिल बाप्तिस्मा घेतलेल्यांना सांगत, की येणाऱ्या राजासाठी डावा हात उजव्याखाली सिंहासनासारखा धरा. रोटीसाठी हात पुढे करताना आम्हाला तेच आठवले.

लंगराची चाल गुरू नानकांपासूनची. दुसरे गुरू अंगद देव यांच्या पत्नी माता खीवी लंगर सांभाळत, आणि त्यांच्या तुपातल्या खिरीचा उल्लेख गुरू ग्रंथ साहिबात आहे. तिसरे गुरू अमरदास यांनी नियम केला, की भेटीला येणाऱ्याने आधी पंगतीत बसावे. बादशहा अकबरही गोइंदवाल येथे असाच बसला, अशी आख्यायिका आहे. सोळाव्या शतकात, जिथे कुणाच्या हातचे पाणी प्यावे हेसुद्धा जातीवर ठरत होते, तिथे ही गोष्ट किती अवघड असेल याचा विचार करा. शीख रहत मर्यादेत प्रसाद वाटणाऱ्यालाही हेच बंधन आहे, की समोरचा कोण, कुठल्या जातीचा, हे पाहून हात आखडायचा नाही.

आणि आमचे फेस्त? मंडपात पुढे कापड घातलेली टेबले, तिथे देणगीदार आणि पाहुणे. मागे रांगेत कागदी ताटे घेऊन बाकीचे. आदल्या रात्री कांदे चिरणाऱ्या आणि दुसऱ्या दिवशी भांडी घासणाऱ्या बाया सगळ्यांत शेवटी, तोवर मटणाचा रस्सा उरलेला. त्या बाया कुठल्या वस्तीतून येतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. बोलत कुणी नाही. आम्हीही पंधरा वर्षे त्या पुढच्या टेबलावर जेवलो आहोत.

पौलाने करिंथकरांना अकराव्या अध्यायात याच गोष्टीसाठी फटकारले. पैसेवाले आधी येऊन खात-पीत आणि गरीब उपाशी राहत, तेव्हा तुमच्या या जमण्याला प्रभुभोजन म्हणता येत नाही, अशा अर्थाचे तो लिहितो. कडाह प्रसाद खाल्ला हे पापनिवेदनात सांगायचे का, असे विचारणाऱ्या त्या बांधवाला आम्ही हाच अध्याय वाचायला दिला. तो वाचून परत आला आणि म्हणाला, “सर, यात तर आपलंच आहे.”

आम्ही धर्मग्राम समितीला एक अर्ज दिला आहे. येत्या फेस्ताला टेबले काढावीत, सगळ्यांनी एकाच ओळीत बसावे, आणि स्वयंपाकाच्या बायांना पहिल्या पंगतीत बसवून समितीच्या सदस्यांनी वाढावे. मधुमेहाच्या लोकांसाठी भाजी-भाकरी वेगळी ठेवावी, हेही त्यात लिहिले आहे. अर्जावर अकरा सह्या आहेत. त्यांत गायनवृंदातल्या काकांची आहे, आणि खाली, सगळ्यांत शेवटी, रुमालवाल्या मावशींचीही आहे. समितीची बैठक पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मिस्सेनंतर आहे. ज्यांना बोलायचे आहे त्यांनी जरूर यावे.