खांबाच्या पोटांतील रिंग

नवें बिऱ्हाड घेतांना आपण फरशी पाहतों, खिडक्या पाहतों, नळाला पाणी किती वेळ येतें हें विचारितों. पण ज्या खांबांवर घर उभें, त्यांविषयीं कोणी चकार शब्द काढीत नाहीं. आमच्या मतें हें बरें नव्हे.

आपल्याच जिल्ह्यांत डहाणू-तलासरीकडे २०१८ च्या नोव्हेंबरापासून भूकंपाचे धक्क्यांमागून धक्के बसूं लागले, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु भूकंप दूर झाला म्हणजे भय टळलें असेंही नाहीं. २००१ सालच्या कच्छच्या भूकंपांत दोनशें किलोमीटरांपलीकडील अहमदाबादेस काँक्रिटच्या बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांपैकीं कित्येकांचा तळमजला मोटारींकरितां मोकळा सोडलेला होता; भिंतींचा आधार नसल्यानें सारा हेलकावा तेथील खांबांवर आला. वसई-विरारांत अशा इमारती काय थोड्या आहेत?

ही विद्या आपल्या देशांत नाहीं असें नव्हे. रुडकी विद्यापीठांत १९६० सालीं या विषयाचें स्वतंत्र संशोधन सुरू झालें, आणि १९९३ सालीं भारतीय मानकांत नियमही छापले गेले. त्यांतील एक अगदीं साधा आहे: उभ्या सळयांना वेढणाऱ्या रिंगेचें टोंक काटकोनांत न ठेवितां १३५ अंशांत आंत वळवावें. खांब हलून बाहेरचें काँक्रिट निखळलें म्हणजे काटकोनी टोंक उघडतें व सळया फांकतात. आंत वळविलेलें टोंक गाभ्यास धरून राहतें. विद्यापीठाची सारी विद्या शेवटीं एका मजुराच्या मनगटांत येऊन ठेपते!

पालकहो, काँक्रिट ओतण्यापूर्वींच जाणत्या अभियंत्यास सोबत नेऊन तें टोंक पाहून या. मागाहून तें कोणासही दिसावयाचें नाहीं.