विश्लेषण : वीस वर्षांच्या क्रूझर बाइकवर खर्च करावा का? कुठे करावा, कुठे टाळावा?

बजाजची ‘अ‍ॅव्हेंजर’ २००५ मध्ये बाजारात आली. रॉयल एनफिल्डची ‘थंडरबर्ड’ त्याआधी, २००२ मध्ये आली होती. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या सोसायट्यांत या गाड्या आजही उभ्या दिसतात. त्यातल्या पहिल्या पिढीच्या गाड्यांनी आता विशी ओलांडली आहे. त्यामुळे गाडी काढून टाकायची की नव्याने तयार करायची, हा प्रश्न अनेक मालकांसमोर आहे.

प्रश्न आत्ताच का?

खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर आरटीओत तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. १५ वर्षांवरील दुचाकीसाठी हे शुल्क एप्रिल २०२२ पासून १ हजार रुपये आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने २० वर्षांवरील दुचाकींसाठी ते २ हजार रुपये केले. पर्यावरण कर वेगळा. दुसरीकडे, २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. म्हणजे जुनी गाडी ठेवणे महागले आणि नवी घेणे थोडे स्वस्त झाले. मात्र वाहनांच्या सर्व सुट्या भागांवरही आता १८ टक्केच जीएसटी आहे. त्यामुळे दुरुस्तीचे गणित पूर्ण बिघडलेले नाही.

उपनगरात जास्त वेग हवा कशाला?

पूर्व मुक्त मार्ग, सागरी सेतू, किनारी रस्ता आणि अटल सेतू या मोकळ्या रस्त्यांवर दुचाकींना बंदी आहे. उरतात ते द्रुतगती महामार्ग, एलबीएस मार्ग, जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता आणि त्यांवरचे सिग्नल. इथे ताशी १२० किलोमीटरचा वेग उपयोगाचा नाही. कमी वेगात मिळणारी ओढ, पावसातली पकड आणि रिक्षा अचानक आडवी आली तर लागणारा ब्रेक महत्त्वाचा.

क्रूझरची अडचण नेमकी कुठे असते?

क्रूझरची सीट खाली, दोन चाकांतले अंतर जास्त आणि फूटरेस्ट पुढे असतात. सरळ रस्त्यावर त्यामुळे आराम मिळतो. पण खड्डा आला की पायांवर भार देऊन सीटवरून उठता येत नाही आणि दणका थेट कमरेत बसतो. पुन्हा वजन मागच्या बाजूला अधिक असते. मागचे शॉकअप बसलेले असतील तर गाडी वळणावर डुलते आणि पुढचे चाक हलके वाटते. पुष्कळदा ‘हँडलिंग खराब’ या तक्रारीचे मूळ झिजलेले शॉकअप, हँडलचा सैल कोनसेट, मागच्या स्विंगआर्मचे ढिले बुश आणि कडक झालेले टायर यांतच सापडते.

खर्चाचा क्रम काय असावा?

आधी टायर. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे पाहावेत. ‘२३१८’ म्हणजे २०१८ सालच्या २३व्या आठवड्यात तयार झालेला टायर. नक्षी शिल्लक असली तरी जुने रबर कडक होते आणि ओल्या डांबरावर घसरते. टायरचा आकार कंपनीने दिलेलाच ठेवावा. फार रुंद टायरमुळे हँडल जड होते.

मग ब्रेक. १२५ सीसीवरील सर्व नव्या दुचाकींना एबीएस बंधनकारक झाले ते एप्रिल २०१९ पासून. त्याआधीच्या बहुतेक क्रूझरला ते नाही आणि नंतर बसवणे व्यवहार्य नाही. म्हणून चांगले पॅड, नवे ब्रेक ऑइल, नवा होज आणि मागच्या ड्रमचे नवे शू यांत काटकसर नको.

तिसरे, शॉकअप, फोर्क ऑइल आणि कोनसेट. मागे गॅसचे शॉकअप बसवायचे असतील तर मूळ लांबीचेच घ्यावेत.

इंजिन शेवटी. गेलेली ताकद बहुतेकदा कार्बोरेटरची सफाई, व्हॉल्व्ह सेटिंग, नवी क्लच प्लेट आणि चेनसेट यांतून परत मिळते. ‘डीटीएस-आय’ इंजिनांत दोन स्पार्क प्लग असतात. दोन्ही तपासून घ्यावेत. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. या गाड्या त्यासाठी बनलेल्या नव्हत्या. त्यामुळे पेट्रोलचा पाइप आणि कार्बोरेटरमधले रबरी भाग बदलून घेणे शहाणपणाचे.

कायदा कुठे आडवा येतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आरसीवरील नोंद आणि कंपनीचा मूळ तपशील यांच्याशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली. जास्त सीसीचा सिलिंडर, दुसरे इंजिन, कापलेली चॅसी हे सगळे यात येते. त्यासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. कर्णकर्कश सायलेन्सरसाठी १० हजार रुपयांपर्यंत दंडाची आणि तीन महिने परवाना अपात्रतेची तरतूद आहे. असे बदल विमा कंपनीला कळवले नसतील तर अपघातानंतर दावाही अडकू शकतो. झिजलेल्या भागाच्या जागी त्याच मापाचा नवा भाग बसवण्याला मात्र आडकाठी नाही.

मग निर्णय कसा घ्यावा?

नोंदणीची मुदत संपण्याच्या काही महिने आधी गाडी ओळखीच्या मेकॅनिकला पूर्ण दाखवावी. चॅसी गंजलेली किंवा वाकलेली असेल तर पैसे घालू नयेत. चॅसी सरळ आणि इंजिन धूर न सोडणारे असेल तर वरील क्रमाने काम करून घ्यावे आणि जुनेच सायलेन्सर लावून आरटीओ गाठावे. अंधेरीकरांसाठी एमएच-०२, बोरिवलीकरांसाठी एमएच-४७, तर मुलुंड-घाटकोपरकरांसाठी वडाळ्याचे एमएच-०३. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवून गाडी फक्त वेगवान वाटते. नव्या टायर-ब्रेकची गाडी पावसाळ्यातही वेळेत थांबते आणि तपासणीतही अडत नाही.