सोनेरी महाल कुणाचा?

विद्यापीठाच्या मागं, लेण्यांच्या वाटेवर सोनेरी महाल. बुंदेल्यानं बांधलेला, आता सरकारी वस्तुसंग्रहालय. २०२३ च्या फेब्रुवारीत याच अंगणात वेरूळ-अजिंठा महोत्सव झाला. तिकीट लावून.

दोस्तांनो, आमचं वैर सुरांशी नाही, फाटकाशी आहे. ज्या विद्यापीठाच्या नावासाठी १९७८ ला आमची घरं जळाली, माणसं मेली अन् १९९४ ला कुठं ते नाव लागलं, त्याच्याच पाठीशी हा सोहळा. आणि आम्ही काय कुंपणाबाहेरून ऐकायचं?

मागणी साधी आहे. पुढच्या रांगा वस्त्यांना फुकट. त्याच स्टेजवर भीमजलसा; शोभेला नव्हे, बड्या गवयाइतकंच मानधन मोजून. ही भीक नाही. सरकारी पैसा आपल्याच घामाचा आहे. हिशेब मागतोय.